चेहरा टाईट करायचाय पण ऑपरेशन नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका स्किन क्लिनिकमध्ये काऊन्सेलर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जायच्या आधी आणि तिथून बाहेर आल्यावर लोक ज्या बाईशी मोकळेपणाने बोलतात ती मी. डॉक्टर नाहीये, औषधं लिहून देत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकीला वेगळं टाईप करून करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. क्रम काही नाही, जसे प्रश्न येतात तसेच घेतलेत.

ताई, मशीनने चेहऱ्याचे मसल टोन केले की उतरलेले गाल वर जातात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून बऱ्याच जणींचा मूड जातो. जिममध्ये दंडाचा स्नायू कमावला की दंड भरतो, तसंच गालाचं होणार असं आपण धरून चालतो. पण दंडाचा स्नायू दोन्हीकडे हाडाला धरलेला असतो, चेहऱ्याचे बरेचसे स्नायू एका टोकाला हाडाला आणि दुसऱ्या टोकाला थेट कातडीला चिकटलेले असतात, म्हणून तर आपण हसतो, भुवया उडवतो, नाक मुरडतो. आणि हे स्नायू काही बसून नसतात, दिवसभर बोलणं, खाणं, चिडणं चालूच असतं, त्यांना व्यायाम कमी पडलाय असं सहसा होत नाही. उलट कपाळावरच्या आठ्या आणि भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेषा तर स्नायू जास्त ओढल्यामुळेच पडतात. त्यामुळे "टोनिंग" शब्द ऐकला की आधी विचारायचं, नक्की कशाचं टोनिंग? स्नायूचं, कातडीचं, की फक्त माझ्या पाकिटाचं?

मग चेहरा उतरतो तरी कशाने?

चार-पाच गोष्टी एकदम चालू असतात. कातडीतलं कोलॅजन विशीनंतर दरवर्षी साधारण १ टक्का कमी होत जातं, आणि पाळी बंद झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत ते जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत घटतं असं स्किनचे डॉक्टर सांगतात, म्हणूनच पन्नाशीच्या काकू म्हणतात ना की "दोन वर्षांत एकदम चेहरा बदलला", त्यांना भास होत नसतो. कातडीखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात, त्या काही जागी आटतात आणि काही जागी खाली सरकतात. सगळ्यात खाली हाड, तेसुद्धा झिजतं, डोळ्याची खोबण मोठी होते, जबडा लहान होतो, आणि वर कातडी तेवढीच राहते.

आपल्याकडची एक गोष्ट कुठल्याही मशीनच्या जाहिरातीत सापडणार नाही, ती म्हणजे दात. गावाकडे अजूनही कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. तंबाखूच ती, भाजून केलेली. हिरड्या जातात, दाढा हलतात, मग एकेक दाढ काढतात आणि तिथे नवीन बसवायचं राहूनच जातं. दाढ गेली की तिथलं हाड झिजतं, गाल आत जातो, ओठांभोवती चुण्या पडतात. अशी बाई पन्नाशीत सत्तरीची दिसते आणि लेक तिला घेऊन येते, "आईचे गाल भरून द्या". आमचे डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगतात आणि डेंटिस्टकडे पाठवतात. तिकडचं काम झालं की निम्मा चेहरा तिथेच वर येतो.

मायक्रोकरंट म्हणजे काय? घरी वापरायचं मशीन ऑनलाईन मिळतं ते घेऊ का?

एकदम बारीक करंट, १ मिलिअँपिअरपेक्षाही कमी, जेल लावून मशीनच्या दोन धातूच्या गोळ्यांमधून चेहऱ्यावर फिरवायचा. जाणवत पण नाही फारसा, कधी भुवईजवळ किंचित फडफडतं, कधी तोंडात धातूसारखी चव येते. लगेच आरशात बघितलं तर गाल थोडे वर, सूज थोडी कमी असं दिसतं, आणि ते खोटं नसतं, पण त्यातला बराच भाग पाणी निघून गेल्याचा आणि मसाजचा असतो. एक-दोन दिवसांत परत जैसे थे. म्हणून कंपन्या सांगतात आठवड्यातून पाच दिवस करा, मग मेंटेनन्स करा, म्हणजे आयुष्यभर करा.

मोठे, नीट केलेले अभ्यास यावर फार कमी आहेत. नुकसान पण फारसं नाही, म्हणून ज्यांना रात्री मालिका बघता बघता दहा मिनिटं फिरवायला आवडतं त्यांनी खुशाल फिरवावं. फक्त जेल न लावता फिरवू नका, चटका बसतो. पेसमेकर असेल, फिट येत असतील, प्रेग्नंट असाल, चेहऱ्याजवळ कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर हात पण लावायचा नाही.

चेहऱ्याच्या स्नायूंना वीज लावायची हौस जुनीच आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ड्युशेन नावाच्या डॉक्टरने एका म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तारा टेकवून एकेक स्नायू हलवून बघितला होता आणि फोटोही काढले होते, त्यातूनच खरं हसू आणि उसनं हसू यातला फरक त्याने दाखवला. त्या फोटोंमधल्या माणसाच्या सुरकुत्या मात्र तशाच आहेत.

पार्लरमध्ये गॅल्व्हॅनिक फेशियल करतात ते हेच का?

नाही, ते वेगळं. त्यात एक रॉड हातात धरायला देतात आणि दुसरा चेहऱ्यावर फिरवतात, उद्देश असा की जेलमधलं औषध आत ढकलायचं. फेशियल म्हणून छान वाटतं, ग्लो येतो, दोन दिवस टिकतो. लग्नाच्या आदल्या दिवशी हौस म्हणून करा, पण दहा सीटिंगचं पॅकेज "लिफ्टिंग" म्हणून घेऊ नका.

फेस योगाने फरक पडतो का? रील्समध्ये तर बाई साठ वर्षांची आणि चाळीशीची दिसते.

रील्समधल्या बाईच्या समोर रिंग लाईट पण असतो हे लक्षात ठेवा. पण हा विषय अगदीच उडवून लावण्यासारखा नाहीये. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या व्यायामाचा एक छोटा अभ्यास केला होता, तो जानेवारी २०१८ मध्ये छापून आला. ४० ते ६५ वयाच्या बायका, पहिले ८ आठवडे रोज अर्धा तास व्यायाम, नंतर एक दिवसाआड, असे एकूण २० आठवडे. फोटो बघून वय ओळखायला सांगितलं तर सरासरी ५०.८ चं ४८.१ वर आलं, आणि गाल जरा भरलेले दिसले. आता दुसरी बाजू, सुरुवातीला २७ जणी होत्या, शेवटपर्यंत १६ टिकल्या, आणि तुलनेला व्यायाम न करणाऱ्यांचा गटच नव्हता. रोज अर्धा तास तोंड वेडंवाकडं करायला कोणाला वेळ आहे, म्हणून बाकीच्या सोडून गेल्या असणार, माझा आपला अंदाज.

करायचंच असेल तर गाल फुगवणं, गाल वर उचलून धरणं असले प्रकार करा. कपाळ वर खाली करायचे आणि डोळे घट्ट मिटायचे व्यायाम करू नका, तिथे घड्याच पडायच्या असतात.

बोटॉक्सने मसल टोन होतात ना?

बरोब्बर उलटं. बोटॉक्स हे इंजेक्शन स्नायूला सैल करतं. मज्जातंतूच्या टोकातून "आखड" असा जो निरोप स्नायूला जातो तो निरोप काही महिने अडवून धरतं, मग भुवया जवळ येत नाहीत, आठ्या पडत नाहीत, आणि वरच्या कातडीला जरा आराम मिळतो. ३ ते ७ दिवसांत परिणाम दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण, आणि ३ ते ४ महिन्यांनी हळूहळू उतरतो. भुवयांच्या मधल्या रेषांसाठी नेहमीचा डोस २० युनिट. कपाळ आणि डोळ्यांच्या कडा, म्हणजे चेहऱ्याचा वरचा भाग, ही याची खरी जागा. उतरलेले गाल आणि नाकापासून ओठाकडे येणारी घडी यासाठी बोटॉक्स मागायला येऊ नका.

जबडा चौकोनी झालाय किंवा झोपेत दात खाता, तर चावायच्या मोठ्या स्नायूत देतात, तिथे मात्र काही आठवड्यांत तो स्नायू बारीक होऊन चेहरा निमुळता दिसतो. पण चाळीशी उलटलेल्या बाईचा तो स्नायू बारीक केला तर आधीच सैल असलेली कातडी अजून लोंबते. चांगला डॉक्टर अशा वेळी नको म्हणतो.

पण ते विष आहे म्हणे?

हो, विषच आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचं, आणि डबाबंद अन्न बिघडून होणारी जी जीवघेणी विषबाधा असते ती याच विषाने होते. पण औषध म्हणून डोस इतका सूक्ष्म असतो की तो टोचलेल्या जागेपुरताच काम करतो. तिरळ्या डोळ्यांसाठी अमेरिकेत याला १९८९ मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या दोन वर्षं आधीच, १९८७ मध्ये, कॅनडात व्हँकुव्हरला डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पापण्या फडफडणाऱ्या पेशंटना हे इंजेक्शन देत होत्या, तिथे लक्षात आलं की आठ्या पण जातायत. त्यांचा नवरा अ‍ॅलिस्टर स्किनचा डॉक्टर, दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्याबद्दल लिहिलं, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, भुवयांमधल्या रेषांसाठी मान्यता दिली. सुरुवातीला आठ्यांसाठी कोणी टोचून घ्यायला तयार होईना, तेव्हा पहिला नंबर लागला त्यांच्या रिसेप्शनिस्टचा. आम्हा फ्रंट डेस्कवाल्यांचं नशीब जगभर सारखंच.

टोचल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, त्या दिवशी तिथे चोळायचं नाही, फेशियल नाही. क्वचित पापणी खाली येते, घाबरायला होतं, पण काही आठवड्यांत आपोआप वर जाते. मायस्थेनिया नावाचा स्नायूंचा आजार असलेल्यांनी, प्रेग्नंट असलेल्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी घ्यायचं नाही.

एक करा, बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. छोटीशी काचेची बाटली असते, ५० किंवा १०० युनिटची, आणि आत बघितलं तर रिकामीच वाटते, तळाला पांढरट पापुद्रा तेवढा असतो. त्यात सलाईन घालतात आणि इन्शुलिनच्या बारीक सिरींजमध्ये भरतात. आधीच भरलेली सिरींज घेऊन कोणी आलं तर त्यात किती युनिट आहेत आणि पाणी किती हे देवालाच माहीत. युनिट विचारून घ्या, आणि ब्रँड पण, कारण वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, डिस्पोर्टचे आकडे बोटॉक्सच्या अडीच-तीनपट असतात, म्हणून "तिकडे स्वस्त युनिट" हा हिशोब फसवा असतो.

फिलर केलं की चेहरा सुजल्यासारखा दिसतो का?

जास्त भरलं तर दिसतो, नटनट्यांचे चेहरे आपण बघतोच. नेमकं आणि कमी भरलं तर कोणाला कळत पण नाही. नेहमीचं फिलर म्हणजे कातडीखाली टोचून भरायचं हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल, जागेनुसार ६ महिने ते दीड वर्ष टिकतं. याची चांगली बाजू म्हणजे नको वाटलं तर हायल्युरोनिडेझ नावाचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. बाकीच्या प्रकारांना ही सोय नाही, कॅल्शियमवालं तसं विरघळत नाही, आणि "कायमचं" फिलर असं कोणी म्हणालं की चपला घालायच्या आणि निघायचं.

आता भीतीचं बोलते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढच्या भागाचं रक्त बंद होतं. कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते, बऱ्याचदा दुखतं पण खूप. कातडी मरू शकते, आणि भुवयांमध्ये किंवा नाकावर टोचताना असं झालं तर कायमची दृष्टी जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. म्हणून टोचायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "विरघळवायचं इंजेक्शन आत्ता इथे फ्रीजमध्ये आहे का?" आहे म्हणाले तर दाखवा म्हणा. लाज वाटून घेऊ नका. घरी गेल्यावर असं काही दिसलं तर "उद्या बघू" नाही, त्याच क्षणी फोन करायचा.

हायफू चांगलं की आरएफ?

हायफूमध्ये अल्ट्रासाऊंडच्या लाटा भिंगासारख्या एका बिंदूवर आणतात, वरची कातडी तशीच राहते आणि आत दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर ६० ते ७० डिग्रीचे बारीक बारीक ठिपके भाजले जातात. साडेचारवर स्नायूंना धरून ठेवणारा एक पडदा असतो, ऑपरेशनमध्ये सर्जन हाच पडदा ओढून शिवतात. भाजलेल्या जागी शरीर नवीन कोलॅजन तयार करतं, म्हणून फरक लगेच नाही, २-३ महिन्यांनी दिसतो. अल्थेरा कंपनीच्या मशीनला भुवई उचलण्यासाठी अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली, गळा आणि हनुवटीखालच्या भागासाठी २०१२ मध्ये. जबड्याच्या कडेने शॉट मारताना दाढांमध्ये कळ जाते, हाडात काहीतरी वाजल्यासारखं वाटतं, ते आधी सांगून ठेवते म्हणजे दचकायला होत नाही.

आरएफ म्हणजे रेडिओ लहरींची उष्णता, ती अशी ठिपक्यांत नाही, सगळीकडे पसरून बसते. थर्माज हे त्यातलं जुनं नाव, २००२ चं.

कोणासाठी काय? गाल भरलेले, जबड्याची कडा नुकती सैल होतेय, वय पस्तीस ते पंचावन्नच्या आसपास, तर हायफूचा उपयोग होतो. आधीच बारीक चेहरा असेल तर हायफूने आतली चरबी पण जाते, चेहरा आणखी सुकतो, आणि ती चरबी परत येत नाही. हे सेल्सवाल्या मुली सांगत नाहीत. चुकीच्या हातात चटके, चट्टे, आणि काही आठवडे एका बाजूचा ओठ नीट न हलणं, हे पण होतं. सुयांमधून आरएफ देतात तोही प्रकार जोरात आहे, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये भाजणं, व्रण, चरबी जाणं आणि मज्जातंतूला इजा अशा तक्रारींवरून लोकांना सावध केलंय. सुपारीएवढं मशीन घेऊन घरी हायफू करायला येणाऱ्यांना दार उघडू नका.

आणि वजन कमी करायची इंजेक्शनं, मौंजारो वगैरे, २०२५ मध्ये आपल्याकडे मिळायला लागली, तेव्हापासून "वजन उतरलं पण तोंड म्हातारं झालं" म्हणत येणाऱ्या वाढल्यात. वजन स्थिर होऊ द्या, मग चेहऱ्याचं बघा.

आपल्या सावळ्या रंगाला लेझर आणि पील चालतात का?

चालतात, पण हात हलका पाहिजे. गोऱ्या कातडीवर जे चट्टे लाल पडून जातात ते आपल्याकडे काळे होऊन महिनोन्महिने राहतात. जोरदार सीओटू लेझर, खोल पील (म्हणजे अ‍ॅसिड लावून वरची कातडी सोलायची), यात हा धोका जास्त. वांग असेल तर तर फारच जपून, कारण वांग नुसत्या उष्णतेने पण चाळवतं. माहेरी लग्न आहे म्हणून घाईत मोठं पील केलं आणि हळदीला गालावर काळे पट्टे घेऊन बसली, अशा केसेस दुसरीकडून आमच्याकडे दुरुस्तीला येतात. आधी कानाच्या मागे किंवा जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच मागा.

क्रीमने काहीच होत नाही का?

होतं, पण ज्या क्रीमची जाहिरात होते त्याने नाही. ट्रेटिनॉईन हे असं क्रीम आहे ज्यावर कित्येक वर्षांचा अभ्यास आहे, बारीक सुरकुत्या आणि उन्हाचे डाग खरंच कमी होतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. वाटाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पहिले काही आठवडे साल निघते, लाल होतं, तेव्हाच सगळ्या सोडून देतात आणि म्हणतात मला सूट झालं नाही. तीन ते सहा महिने धरावं लागतं. प्रेग्नन्सीत किंवा प्लॅन करत असाल तर नाही.

मेडिकलवाल्याने "गोरं व्हायचं क्रीम" म्हणून दिलेली ट्यूब मात्र बघून घ्या. पेटीवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. पहिला महिना चेहरा चकचकीत, मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, पिंपल येतात, आणि बंद केलं की आग आग होते. एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा. आणि नाव-गाव नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली डबी तर अजिबात नको, २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममधल्या पाऱ्यामुळे किडनीचे पेशंट सापडले होते.

सनस्क्रीन लावायला मी घराबाहेर पडतच नाही.

खिडकी आहे ना घराला? काचेतून येणारे अतिनील अ किरणच तर कातडी सैल करतात. २०१२ मध्ये एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये ६९ वर्षांच्या ट्रकड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा अर्धा चेहरा जाड, सुरकुतलेला, लोंबलेला, आणि उजवा अर्धा बराच बरा. एकच माणूस, एकच वय, एकाच आईबापाचा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे उजवा गाल बघा. रोज गाडी चालवत ऑफिसला जाणाऱ्यांच्या उजव्या गालावर डाग जास्त असतात का, हे मी आता सवयीनेच बघते.

दोन बोटांवर भरून काढायचं, चेहरा आणि मानेला तेवढं लागतं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. एसपीएफ ३० कातडी भाजणारे अतिनील ब किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८, त्यामुळे आकड्यासाठी भांडू नका, थर जाड लावा. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साईडवालं घ्या. मशीनवर पन्नास हजार घालून सनस्क्रीनचा कंटाळा करणारी बाई मला रोज भेटते.

कोलॅजन पावडर?

काही अभ्यासांत थोडा ओलावा, थोडी लवचिकता वाढल्याचं दिसतं, पण बरेच अभ्यास कंपन्यांच्याच पैशाने झालेत. पोटात गेल्यावर ते बाकी प्रोटीनसारखंच पचतं. डाळ, अंडी, पनीर पुरेसं खाताय का ते आधी बघा.

उटणं, साय-हळद, मसूर डाळीचा लेप?

कातडी मऊ होते, छान वाटतं, करा. उचलली जात नाही. लिंबू आणि खायचा सोडा तेवढा चेहऱ्याला लावू नका हो.

लग्न तोंडावर आलंय, आता काय करता येईल?

तुळशीचं लग्न झालं की आमचा फोन थांबत नाही. हायफूला तीन महिने हवेत, त्यामुळे ते आता विसरा. फिलरला निदान तीन-चार आठवडे, निळंजांभळं पडलं तर जायला वेळ हवा. बोटॉक्सला निदान दोन, शक्यतो चार आठवडे. त्याच्या आत आलात तर हलकं हायड्रेशन फेशियल आणि नीट झोप, एवढंच. मुलीपेक्षा मुलीच्या आईला जास्त घाई असते, कारण फोटो तिचे पण निघणार असतात, आणि ती स्वतःसाठी शेवटच्या आठवड्यात येते.

व्हँपायर फेशियल सेफ आहे का?

स्वतःच्याच रक्तातला भाग काढून सुया टोचून लावतात. स्वच्छता पाळली तर ठीक, सुरकुत्यांवर फायदा माफक. पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये हे केल्यावर बायकांना एचआयव्ही झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं. सुई आणि नळी पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे, विषय संपला.

डॉक्टर खरा आहे हे कसं ओळखायचं?

पांढरा कोट आता कोणीही घालतं. नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर टाकून बघा. स्किनसाठी एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, नाहीतर प्लास्टिक सर्जन. दोन दिवसांच्या कोर्सचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट ही डिग्री नव्हे. आणि ज्या डॉक्टरने तपासलं तोच टोचणार आहे का हे पण विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी बोर्डावर एक नाव आणि सुई दुसऱ्याच्या हातात असते. पार्लरमध्ये बोटॉक्स, फिलर नाही म्हणजे नाही, ताई कितीही जवळची असली तरी.

मेडिक्लेम मिळतो का?

नाही. सुंदर दिसण्यासाठी केलेलं पॉलिसीत बसत नाही, वर जीएसटी पण लागतो. भाव विचारताना "फुल फेस किती" असं विचारू नका, किती युनिट, किती सिरींज, हायफूचे किती शॉट आणि कुठल्या खोलीचे, असं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. "आजच भरलं तर निम्म्यात" असं कोणी म्हटलं की "उद्या बघू" म्हणून उठून या.

एकदा चालू केलं आणि सोडलं तर जास्त लोंबतं का?

नाही. बोटॉक्स उतरलं की तुम्ही जिथे होतात तिथेच परत येता, मधले महिने आठ्या न पडल्यामुळे कदाचित जरा बरंच. जास्त वाईट दिसतं कारण मधल्या काळात गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते.

मिस्टरांना पण करायचंय, चालेल का?

का नाही चालणार, हल्ली येतात की. पुरुषांचे स्नायू दणकट म्हणून युनिट जास्त लागतात. दाढीच्या भागात लेझर किंवा जास्त उष्णता द्यायची असेल तर केस विरळ होऊ शकतात का हे विचारून घ्यावं. सिगरेट चालू असेल तर डॉक्टर आधी तिच्यावरच बोलतील, तेव्हा तयारीने या.

फोटो पाठवते, बघून सांगाल का काय करू?

फोटोवरून मी काही सांगत नाही, डॉक्टर पण नाही सांगत. कातडी चिमटीत धरून बघावी लागते, हसवून, आठ्या घालायला लावून, मान खाली करून बघावं लागतं. पण फोटो काढून ठेवा जरूर, स्वतःसाठी. त्याच खिडकीपाशी, सकाळी, मेकअप न करता, ब्यूटी मोड बंद करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. तीन महिन्यांनी तसाच काढा आणि क्लिनिकने दाखवलेल्या आफ्टर फोटोशेजारी ठेवून बघा, त्यांच्या फोटोत हनुवटी वर उचललेली आणि लाईट समोरून मारलेला असतो.